गंजाचे डॉक्टर

मुलाखतीत डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला. "शिंका येतात का तुम्हाला?"

"सगळ्यांनाच येतात," मी म्हटलं.

"सगळ्यांचं मी विचारलेलं नाही."

मी जरा आठवून सांगितलं, की सर्दी झाली तर येतात, एरवी नाही. त्यांनी मान डोलावली आणि "उद्यापासून या" म्हणाले. दातांचा दवाखाना, जंतूंची काळजी असणार, असं मला वाटलं. घरी जाऊन आईला कौतुकाने सांगितलंसुद्धा, की किती स्वच्छतेचा माणूस आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी कळलं, की शिंकेचा पेशंटशी काडीचा संबंध नव्हता. पेशंटच्या खुर्चीमागे खिडकीपाशी एक लांब टेबल होतं. त्यावर तळहातावर मावेल एवढी एक मोटार होती, तिच्या टपाला ताजा रंग दिलेला होता, आणि माझ्या आधीच्या बाई त्यावर शिंकल्या होत्या. म्हणून त्या आधीच्या झाल्या होत्या.

दवाखाना शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेरच्या खोलीत फोन, बाकं आणि मी. मी बाहेर बसते म्हणून ते मला "बाहेरच्या बाई" म्हणत. नवा पेशंट तोंडात कापूस घेऊन खुर्चीत आडवा पडलेला असायचा, आणि डॉक्टर अत्यंत गंभीरपणे म्हणायचे, "जरा थांबा हं, मी बाहेरच्या बाईला बोलावतो." पेशंटचे डोळे विस्फारायचे. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, हे थांबवायचा पुष्कळ प्रयत्न केला. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. "बाहेर बसतात. बाई आहेत. यात चूक कुठे आहे ते दाखवा."

इतर डेंटिस्टांकडे काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे असतात. आमच्या कपाटात मोटारी होत्या. सगळ्या एका मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या, आणि सगळ्या वाईट अवस्थेत. एकीचा बंपर सुतळीने बांधलेला. एकीच्या मागच्या काचेच्या जागी पुठ्ठा आणि चिकटपट्टी. एक पांढरी गाडी होती, तिच्यावर गावातल्या तमाम कबुतरांनी हजेरी लावलेली. ती हजेरी म्हणजे दाढेत भरायचं पांढरं सिमेंट. सकाळी ज्या डबीतून ते गाडीच्या टपावर पडायचं, त्याच डबीतून दुपारी कुणाच्या तरी दाढेत जायचं. हे फक्त मला माहीत होतं, आणि पेशंट "काय सुंदर फिलिंग झालंय हो" म्हणाला, की मला फोन आल्याचं नाटक करावं लागायचं.

गाड्या ते दुकानातून चकचकीत आणायचे, किंवा सुटे भाग आणून जोडायचे. जोडून झालं, की इतर लोक थांबतात. डॉक्टर तिथून सुरू करायचे. दात कोरायच्या यंत्राने दाराला पोचे पाडायचे. जबड्याचं माप घ्यायच्या मसाल्यात टायरचा साचा काढून झिजलेले टायर ओतायचे. गाडीचा तळ कवळीच्या गुलाबी मसाल्याचा, त्यामुळे आमच्याकडची कुठलीही गाडी उलटी केली, की खालून हिरडीसारखी दिसे. "आतून सगळे सारखेच," डॉक्टर म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "इतकी छान आणलेली गाडी खराब कशाला करायची?"

"नवी गाडी म्हणजे दुधाचे दात," ते म्हणाले. "त्याला मी दात धरत नाही. पडून, किडून, झिजून जे उरतं, ते त्या माणसाचं."

रंगाचं एक गणित असतं. पहिला हात ठरावीक इतकाच सुकला, की दुसरा द्यायचा असतो, आणि तो क्षण पेशंटची सोय बघून येत नाही. एकदा बँकेतले एक साहेब तोंडाचा आ करून पडले होते. डॉक्टर मधेच "मिटू नका, आलोच" म्हणून खुर्चीमागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी आत गेले तेव्हा साहेबांनी हातवारे करून विचारलं, काय चाललंय?

"दुसरा हात मारतायत," मी म्हटलं.

साहेबांनी समाधानाने डोळे मिटले. एवढी मेहनत आपल्या दाढेवर कुणी घेत नाही, असं ते नंतर सगळ्यांना सांगत असत.

खिडकीतून खालची गल्ली दिसायची. पेशंट गाड्या कशा लावतात, कुठे घासतात, हे डॉक्टर बघायचे आणि आवडलेली गाडी बनवायला घ्यायचे. आवडलेली म्हणजे जास्तीत जास्त ठोकलेली. एक वकील नियमित यायचे. एके दिवशी ते कपाटासमोर उभे राहिले, वाकले, आणि लालबुंद होऊन आत गेले.

"डॉक्टर, ती माझी गाडी आहे."

"तुमची खाली आहे. ती माझी."

"नंबर माझा आहे."

"नंबर सरकारचा आहे."

"आणि माझं घासलेलं दार जगाला दाखवायला ठेवलंय तुम्ही?"

"जगाला तुम्ही दाखवताय, रोज, लक्ष्मी रोडवरून. माझ्याकडे ज्यांचे दात दुखतात तेवढेच बघतात."

वकिलांनी दावा लावायची धमकी दिली, तोंड उघडलं, दात साफ करून घेतले आणि गेले. पुढच्या वेळी ते दार रंगवून आले. डॉक्टरांनी ते ऐकलं, तोंडात घालायचा छोटा आरसा उचलला, अ‍ॅप्रनसकट जिना उतरले आणि हँडलच्या खालची बाजू त्या आरशात नीट तपासली. वर येऊन त्यांनी कपाटातल्या गाडीचं दार त्याच दिवशी नव्याने रंगवलं. "तुम्ही केलंत, मी केलं," ते वकिलांना म्हणाले. "हिशेब फिटला." त्यानंतर आमचे बरेचसे पेशंट गाडी पुढच्या गल्लीत लावायला लागले.

एकदा दोन वायपर हरवले. काळ्या सुतासारखे, नखाएवढे. डॉक्टरांनी सगळा दवाखाना डोक्यावर घेतला, मला गुडघ्यांवर रांगायला लावलं. संध्याकाळी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्या सकाळी नवी कवळी घेऊन गेल्या होत्या.

"डॉक्टरांना द्या जरा. माझ्या कवळीच्या डबीत दोन काळ्या काड्या निघाल्यात. त्या कुठे लावायच्या?"

डॉक्टरांनी फोन घेतला. "ठेवा जपून," ते म्हणाले. "पावसाळ्यात लागतात."

बाईंनी त्या खरंच जपून ठेवल्या. मला त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, कवळीची स्तुती करून, त्या परत आणाव्या लागल्या.

एवढं मोटारवेड असलेल्या माणसाला मोटार चालवता येत नव्हती. काकूंच्या स्कूटरवर ते मागे बसायचे, मांडीवर खोकं, डोक्यावर हेल्मेट, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीचं चाक बघायला इतके वाकायचे, की काकू ओरडायच्या. "गाडी चालवणारा माणूस गाडी बघत नाही, रस्ता बघतो," असं त्यांचं मत. काकूंचंही मत होतं. "सवत असती तर परवडली असती," त्या मला म्हणाल्या होत्या. "निदान धुणं तरी वाटून घेतलं असतं."

गाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचं एक प्रदर्शन भरलं, तिथे काकूंनी त्यांना जबरदस्तीने नेलं. मीही गेले. बहुतेक आयटीतली मुलं. त्यांच्या गाड्या अशा चकाकत होत्या, की त्यात बघून भांग पाडावा. दिवे लागत होते, दारं उघडत होती. मधोमध डॉक्टरांची सुतळीवाली. एक मुलगा धावत आला.

"सर, वेदरिंग कसलं भारी केलंय! सिरियसली, माइंड ब्लोइंग!"

"वेदरिंग म्हणजे काय?"

"म्हणजे, ते रस्ट, डस्ट, मड..."

"मग गंज म्हणा की. इंग्रजी शिकवलं म्हणून गंजाचं पॉलिश होत नाही."

मुलगा हसला, आणि त्याने प्रामाणिकपणे विचारलं, की सर, पण एखादी स्पोर्ट्‌स कार का नाही करत? डॉक्टर म्हणाले, "ती कुठे ठोकलेली मी पाहिलेली नाही. ठोकलीत की कळवा." त्यांना उत्तेजनार्थ मिळालं. येताना स्कूटरवर ते काकूंना विचारत होते, की या वयात नेमकं कशासाठी उत्तेजन द्यायचंय त्यांना?

तर असा हा माणूस. आणि याच्याकडे कात्रजकडचे एक बिल्डर सुजलेला गाल घेऊन आले.

गळ्यात साखळी, चार बोटांत अंगठ्या, आणि स्वभावाने लोण्याचा गोळा. दाढ ठणकत असताना मला म्हणाले, "ताई, गर्दी असंल तर थांबतो मी." वडिलांची तिकडे शेती होती. गाव शहरात आलं आणि शेतावर यांनी इमारती उभ्या केल्या. दाढ काढून, तोंडात कापूस धरून ते बाहेर आले आणि कपाटासमोर उभे राहिले ते राहिलेच. पुढच्या वेळी जखम दाखवायला आले तेव्हा आत बसल्या बसल्या त्यांनी विषय काढला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, एक जीप करून द्याल का?"

"मी ऑर्डर घेत नाही."

"आमच्या आबांची जीप होती. चालत नव्हती, पार्किंगला उभी होती वर्षानुवर्षं. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. आबा खुब्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, तवा मी ती भंगारात दिली. म्हटलं, येतील तवर नवी गाडी आणून लावू तिथं. खूश होतील."

"झाले का?"

"तवापासून बोलत नाहीत माझ्याशी. सुनेशी बोलतात. वॉचमनशी बोलतात. कुत्र्याशी तर गप्पाच मारतात. मी समोर आलो की टीव्हीचा आवाज वाढवतात." मग ते म्हणाले, "भंगारवाल्याकडं गेलो होतो परत. कापून टाकलेली. तुम्ही एवढी एवढी तरी करा."

"मी दात उपटतो," डॉक्टर म्हणाले. "लोकांनी उपटलेलं परत रोवत नाही."

बिल्डर खुर्चीतून उठले. मला वाटलं, संपलं. मग डॉक्टरांचा आवाज आला. "फोटो आहे?"

फोटो होता, कुणाच्या तरी वरातीचा. त्यात एक ढोलवाला, आणि ढोलामागे जीपचा एक दिवा. डॉक्टरांनी तो एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावून बराच वेळ बघितला. "यात जीप कमी आणि ढोल जास्त आहे. वडिलांना पाठवा."

"ते माझ्यासंगं यायचे न्हाईत."

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

आबा आले ते एकटेच. मुलाच्या गाडीत बसायचं नाही म्हणून कात्रजहून बसने स्वारगेटला, तिथून रिक्षाने. धोतर, टोपी, हातात काठी, आणि जिना चढून आल्याचा राग. डॉक्टरांनी सवयीने खुर्चीकडे बोट केलं. "बसा. तोंड उघडा."

"कशाला? एक दात न्हाई माझ्याकडं."

"मग जीपबद्दल बोला."

आबांनी तोंड उघडलं ते दुपारपर्यंत मिटलं नाही. रंग हिरवा होता. मागच्या फळीवर बैलाने शिंग मारलेलं. पुढची काच खालून तडकलेली. डॉक्टर मान खाली घालून चित्रं काढत होते. जाताना आबा म्हणाले, "सोमवारी येतो परत. चुकवशाल न्हाई तर."

पुढच्या सोमवारपर्यंत डॉक्टरांनी सांगाडा उभा करून त्याला हिरवा रंग दिला होता. आबांनी तो हातात घेतला. "ही कुनाची?"

"तुमची."

"आमची करडी व्हती."

"मागच्या वेळी तुम्ही हिरवी म्हणालात."

"हिरवी व्हती की. मंग करडी केली."

डॉक्टरांनी करडी केली. त्या पुढच्या सोमवारी ती निळी निघाली, कारण थोरल्या मुलीच्या लग्नात निळी रंगवली होती. शिंग डावीकडचं उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे आलं. काच कधी तडकलेली, कधी काचच नव्हती. सगळं आयुष्य मिलिमीटरवर काढलेला माणूस, त्याच्या कपाळावरची शीर मला बाहेरून दिसायची.

"अहो, एक काय ते ठरवा!" ते शेवटी ओरडले. "कुठल्या वर्षातली जीप करू मी?"

आबांनी शांतपणे तंबाखू मळली. "समद्या."

मला वाटलं, आता डॉक्टर जीप खिडकीतून फेकणार. त्यांनी आबांकडे नुसतं बघितलं. मग टेबलाशी जाऊन बसले आणि आठवडाभर इतर काही केलं नाही. हिरव्यावर करडा दिला, करड्यावर निळा दिला, आणि दातावरचं किटण काढायच्या हत्याराने तो निळा खरवडायला लागले. जिथे हात टेकत असेल तिथे करड्यापर्यंत, जिथे पाय घासत असेल तिथे हिरव्यापर्यंत, आणि पायरीवर थेट गंजापर्यंत. आबा सोमवारी आले, त्यांनी पायरीवर अंगठा फिरवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पानी द्या जरा."

नंबरप्लेट तेवढी राहिली होती.

ती करायला डॉक्टर एका दुपारी बसले. जेवणाची वेळ, पेशंट नाही. मी कापूस ठेवायला आत गेले. त्यांनी ब्रश टेकवला, उचलला, प्लेट पुसली. पुन्हा टेकवला, पुन्हा पुसली. मग ब्रश ठेवून उजवा हात उजेडात धरला आणि एखाद्या दुसऱ्याच माणसाचा असावा तसा बघत बसले. बोटं हलत होती. फार नाही. ताटातलं पाणी पंख्याने हलतं, तितकीच.

"बाहेरच्या बाई," ते म्हणाले, "चारचे कोण आहेत?"

"वकीलसाहेब. रूट कॅनॉल. अर्धं झालंय."

"त्यांना फोन करा. आणि पुढच्यांनाही. मी देतो सांगून एकेकाला."

मी म्हटलं, थकवा असेल, उद्या बघू. ते म्हणाले, "गाडीवर रेघ चुकली तर पुसता येते. जिभेवर नाही येत."

तपासण्या झाल्या. आजाराचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "नाव मोठं आहे, उपयोग काही नाही," एवढंच. त्या दुपारनंतर त्यांनी एकाही माणसाच्या तोंडात हात घातला नाही. मी दारावर पाटी लावू का विचारलं, तर चिडले. "पाट्या भेकड लोक लावतात." प्रत्येक पेशंटला त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं, "माझा हात हलतो. तुमच्या तोंडात हलवायची इच्छा नाही. अमुक डॉक्टरांकडे जा, मी बोललोय." लोकांनी काय दुःख करावं? बँकेतले साहेब म्हणाले, थोडाच हलतोय ना, मग राहिलेलं तेवढं उरकून टाका. वकील म्हणाले, मी लेखी देतो, दावा लावणार नाही. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि आम्ही दोघंही खूप वेळ हसलो. मग ते हसायचे थांबले, आणि मी टेबल पुसायला घेतलं.

काकू संध्याकाळी न्यायला आल्या तेव्हा जिन्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला. "गाडीवर कळलं गं," त्या म्हणाल्या. "पेशंटवर कळलं असतं तर हा माणूस जगला नसता." सवतीबद्दल, म्हणजे मोटारींबद्दल, त्या दिवसानंतर त्या कधी वाईट बोलल्या नाहीत.

माझ्यासाठी दुसरी नोकरीही डॉक्टरांनीच बघितली. माझ्यासमोर एका डेंटिस्टांना फोन केला. "बाई चांगल्या आहेत. शिंकत नाहीत." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "ते तुम्हाला कळणार नाही. ठेवून घ्या."

सोमवारी आबा आले. आम्ही सामान बांधत होतो. डॉक्टर त्यांना म्हणाले, "जीप अशीच घेऊन जा. नंबर होणार नाही. हात हलतो माझा."

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. ते डॉक्टरांपेक्षा जास्त हलत होते. "माझं बी हलत्यात. च्या पितोच की म्या. आन् जीप तरी कुठं गप उभी ऱ्हायची? चालू केली की समदी हलायची, आरशासकट. नंबर वाचायचाच न्हाई कुनाला."

डॉक्टरांनी बांधलेल्या सामानातून ब्रश परत काढला. आबा गेल्यावर त्यांनी बिल्डरला फोन लावायला सांगितला. "पुढच्या सोमवारी आबांच्या वेळेला या. तुमची दाढ बघायचीय."

"ती तर तुम्ही काढली, डॉक्टर."

"मग खड्डा बघतो. या."

दोघं एकाच खोलीत आले, तसे आबा खिडकीकडे तोंड करून बसले. खोलीत टीव्ही नव्हता, ही त्यांची अडचण. डॉक्टरांनी जीप टेबलावर ठेवली. "मला एक न हलणारा हात पाहिजे. जीप धरायला. माझा चालत नाही, आबांचा चालत नाही, आणि बाहेरच्या बाईंना फोन बघायचाय."

फोन सकाळीच काढून टाकला होता. आणि गाड्या धरायचा छोटा शिकंजा माझ्यासमोर खणात होता, मीच ठेवला होता. ते सांगायला मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तोंड मिटायला लावलं असेल.

बिल्डरनी अंगठ्या काढून खिशात घातल्या, स्टूल ओढलं आणि जाडजूड बोटांत ती जीप धरली, अंडं धरावं तशी. डॉक्टरांनी मनगट एका प्लास्टरच्या जबड्यावर टेकवलं आणि ब्रश पुढे आणला. मराठी आकड्यांची पाटी. एकेक आकडा उमटायला लागला, जरा वाकडा, पण उमटला.

"शेवटचा आकडा काय? एक की नऊ?"

"नऊ," बिल्डर हळूच म्हणाले.

"एक," आबा खिडकीला म्हणाले.

बिल्डरनी चमकून वडिलांकडे बघितलं. त्याबरोबर बोटं सरकली, जीप कलली, आणि आबा काठीसकट उभे राहिले.

"आरं नीट धर की, गाढवा!"

 बिल्डरची नजर जीपवरच होती. "धरलीय, आबा."

"डाव्या अंगाला कलतीय."

"आता?"

"हां. आता ऱ्हाऊ दे तशी."

"बोलू नका," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "रंग सुकायचाय."

बिल्डरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि हात अडकल्यामुळे पुसता येत नव्हतं. पेशंटचं तोंड पुसायचा नॅपकिन घेऊन मी त्यांचे गाल पुसले. ते माझं कामच होतं. शेवटचा आकडा डॉक्टरांच्या थरथरत्या हातातून असा उमटला, की नऊ म्हणणाऱ्याला नऊ दिसावा आणि एक म्हणणाऱ्याला एक. घरी जाताना आबा मुलाच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर, आणि त्याला रस्ता चुकल्याबद्दल शिव्या देत. खिडकी उघडी होती, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

दवाखाना बंद झाला. गाड्या घरी गेल्या, डॉक्टरही घरी गेले, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे दोघांनाही ठेवायला जागा नव्हती. थोड्या महिन्यांनी बिल्डरनी आम्हाला जेवायला बोलावलं. काकू आणि डॉक्टर स्कूटरवर, मी मागून बसने. मी पोचले तेव्हा बंगल्याच्या फाटकात वॉचमन काकूंशी हुज्जत घालत होता.

"मॅडम, आत लावू नका. गाडी उभी हाय तिथं."

पार्किंग मोकळं होतं. अख्खं, लांबरुंद, फरशीचं पार्किंग. त्याच्या बरोब्बर मधोमध, जमिनीवर, ती एवढीशी जीप उभी होती. शेजारी खुर्ची टाकून आबा बसले होते. बिल्डरची भलीमोठी नवी गाडी बाहेर रस्त्यावर, गटाराच्या कडेला लावलेली होती.

"आत कपाटात ठेवा म्हटलं काचेच्या," बिल्डर ओशाळून सांगत होते. "ऐकत न्हाईत. म्हणतात, गाडी पार्किंगलाच राहणार."

"मंग काय पलंगावर निजवू?" आबा म्हणाले. आणि मुलाला, "हूब राह्यलास काय, डाक्टरास्नी खुर्ची आन."

डॉक्टरांना खुर्ची नको होती. ते गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर टेकले, आणि शेवटी इस्त्रीच्या कपड्यांत, फरशीवर पालथे पडून त्यांनी डोळा जीपच्या चाकाच्या उंचीला आणला. वॉचमन घाबरून पाणी आणायला पळाला. काकू म्हणाल्या, "राहू दे, त्यांना काही झालेलं नाही. ते असेच आहेत."

मी त्यांच्याजवळ वाकले. जीपच्या टपावर, बॉनेटवर, पायरीवर कात्रजच्या रस्त्याची धूळ बसली होती. त्यांनी न दिलेली.

"मापात नाही," ते पुटपुटले. "चोवीसपट जाड आहे."

मी धूळ पुसायला पर्समधून रुमाल काढला.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले, आणि पडल्या पडल्याच थोडे सरकून त्यांनी जीपची दुसरी बाजू बघायला घेतली.